कोंडलेला वारा

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर कडेस, अकोल्याहून वाशीममार्गें नांदेडकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर कनेरगाव नाका नांवाचें गांव आहे. पैनगंगेच्या ह्या मुलखांत एके काळीं दोन राज्यांची सरहद्द होती. वाशीमच्या बाजूस वऱ्हाड. १८५३ पासून तो प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलेला. हिंगोलीच्या बाजूस निजामाचें हैदराबाद संस्थान. त्याचें नाणें वेगळें, टपाल वेगळें आणि मालावरील जकातहि वेगळी. सरहद्द ओलांडणाऱ्या मालास कोठें तरी थांबावें लागे, गांठोडें सोडून दाखवावें लागे आणि पावती घेऊनच पुढें जावें लागे. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें. १९५६ मध्यें मराठवाडा व विदर्भ एकाच राज्यांत आले. १९९९ मध्यें हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. दोन राज्यांची सरहद्द आतां दोन जिल्ह्यांची शीव होऊन राहिली आहे. गांवाच्या नांवांत मात्र नाका अजून उभा आहे.

असल्या राजरस्त्यानें आज ज्या मालमोटारी जातात, त्यांतील कित्येकांवर लोखंडी टाक्या उभ्या किंवा आडव्या बांधलेल्या दिसतात. कोणी स्वयंपाकाच्या गॅसच्या, कोणी रुग्णालयांत जाणाऱ्या प्राणवायूच्या, कोणी वेल्डिंगच्या दुकानांत लागणाऱ्या ॲसिटिलीनच्या. गांठोडें सोडून पाहतां येतें, परंतु टाकी सोडून पाहतां येत नाहीं. आंत काय आहे, किती आहे आणि कोंडणारी भिंत अजून धड आहे कीं नाहीं, हें तिच्या अंगावरील खुणांवरूनच ओळखावें लागतें. म्हणूनच कोंडलेल्या वायूच्या सुरक्षिततेचा इतिहास हा जितका धातूच्या बळाचा, तितकाच नाक्यांचा इतिहास आहे. टाकी कोठें अडवावी, तिला काय विचारावें आणि उत्तर न मिळाल्यास तिला पुढें कां जाऊं देऊं नये, हें माणूस हळूहळू आणि बहुधा कोणाचा तरी प्राण गेल्यावर शिकला.

ह्या टाक्यांच्या कुळांतील एक धाकटें आणि खेळकर अपत्य म्हणजे पेंटबॉल नांवाच्या खेळांतील हवेची बाटली. मुंबई, पुणें, लोणावळें ह्यांच्या आसपासच्या क्रीडास्थळीं शहरांतील कुटुंबें सुटीच्या दिवशीं हा खेळ खेळावयास जातात. दोन पक्ष, मैदानांत उभे केलेले आडोसे आणि प्रत्येकाच्या हातीं बंदुकीसारखें एक यंत्र. गोळीच्या जागीं जिलेटिनच्या पातळ कवचांत भरलेला, पाण्यानें धुऊन जाणारा रंग. ज्याच्या अंगावर रंग फुटला तो बाद. गोळीचा वेग साधारणपणें सेकंदास ३०० फुटांपलीकडे जाऊं देत नाहींत, आणि खेळाडू तोंडावर मुखवटा चढवूनच मैदानांत उतरतो. डोळ्यांस असलेला धोका त्यास दिसतो. यंत्राच्या मागें बसविलेली, खांद्यास टेकणारी बाटली मात्र त्यास केवळ एक मूठ वाटते.

ह्या मुठींत किती बळ आहे, तें एका तुलनेनें कळेल. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब दर चौरस इंचास सुमारें ३० ते ३५ पौंड असतो. पेंटबॉलच्या ॲल्युमिनियमच्या बाटलींत तो ३,००० पौंड, तर कार्बनच्या तंतूंनीं वेढलेल्या बाटलींत ४,५०० पौंड असतो. म्हणजे चाकाच्या शंभर पटींहून अधिक. एक लिटरहून थोडेंसेंच अधिक पाणी मावेल एवढी बाटली ४,५०० पौंडांच्या दाबानें भरली आणि तींतील हवा एका क्षणांत मोकळी झाली, तर ठोकळ हिशोबानें तिचें बळ एक टन वजन सात मीटर उंच उचलण्यास पुरेल. अशी वस्तु दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्याशीं निर्धास्तपणें देतां यावी, ह्यासाठीं दोन शतकांचा अनुभव खर्ची पडला आहे.

दाबलेल्या हवेनें गोळी उडविण्याची कल्पना नवी नाहीं. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनांत किंवा कोणत्याहि जत्रेंत फुगे फोडण्याची जी बंदूक असते, तिच्यांत स्प्रिंगच्या दट्ट्यानें क्षणापुरती हवा दाबली जाते. तींत हवा सांठवून ठेवावी लागत नाहीं, म्हणून ती निरुपद्रवी. सांठविलेल्या हवेवर चालणारें युद्धोपयोगी हत्यार प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरलें तें ऑस्ट्रियाच्या सैन्यानें. १७८० च्या सुमारास बार्तोलोमेउस जिरार्दोनी नांवाच्या कारागिरानें तें घडविलें. ह्या बंदुकीचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती. लोखंडी पत्रा वळवून आणि सांधून केलेली. हातपंपाचे सुमारें दीड हजार दट्टे मारावे तेव्हां ती भरे. मग वीस गोळ्या धुराचा लोट न उठतां एकामागून एक सुटत. टाकींतील दाब दर चौरस इंचास सुमारें ८०० पौंड असावा असें मानतात. हें हत्यार आपल्या काळाच्या फार पुढें होतें, पण त्याची टाकी काळाच्या पुढें नव्हती. सांध्यांतून हवा गळे, चामड्याच्या चकत्या वाळत, आणि दुरुस्तीस साधा लोहार उपयोगी पडत नसे. १८१५ च्या सुमारास सैन्यानें ह्या बंदुका बाजूस ठेवल्या. आजच्या पेंटबॉलच्या बाटलीच्या तोंडाशीं दाब कमी करणारी जी कळ असते, तिच्यांतून उतरून यंत्राकडे जाणारी हवासुद्धां पुष्कळदां ह्याच ८०० पौंडांच्या आसपास असते. जिरार्दोनीच्या टाकीचें सारें सामर्थ्य तें आजच्या बाटलीचें उतरलेलें बळ, एवढें हें अंतर आहे.

तें अंतर तोडण्यास प्रथम रसायनशास्त्रज्ञ पुढें सरसावले, आणि पहिल्या जखमाहि त्यांनींच सोसल्या. १८२३ मध्यें लंडन येथें मायकेल फॅरडे ह्यानें वांकविलेल्या बंद कांचनळींत क्लोरीन वायु त्याच्याच दाबानें द्रवरूप करून दाखविला. ह्या प्रयोगांत नळ्या फुटत. एकदां कांचेचे तुकडे त्याच्या डोळ्यांत गेले. पुढें १८३५ च्या सुमारास फ्रान्समध्यें तिलोरिये ह्यानें ओतीव लोखंडाच्या भक्कम भांड्यांत कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा द्रव मोठ्या प्रमाणावर तयार केला, आणि त्या द्रवापासून बर्फासारखा घन पदार्थहि मिळविला. सारें युरोप हें नवल पाहूं लागलें. विद्यालयांत व्याख्यानाच्या वेळीं तें यंत्र मांडून दाखविण्याची प्रथा पडली. १८४० च्या अखेरीस पॅरिसच्या औषधिशास्त्राच्या विद्यालयांत असेंच एक यंत्र फुटलें आणि ऑस्मँ हेर्वी नांवाचा साहाय्यक प्राणास मुकला. तें भांडें ह्यापूर्वीं अनेकदां भरलें गेलें होतें आणि दर वेळीं सुखरूप राहिलें होतें. परंतु ओतीव लोखंड ताणाखालीं आधीं वांकून इशारा देत नाहीं. तें एकाएकीं तडकतें. काल टिकलें म्हणून आज टिकेल, हा तर्क दाबाखालील भांड्यास लागू पडत नाहीं, हें ह्या घटनेनें शिकविलें. असल्या कामीं ओतीव लोखंड पुढें वर्ज्य ठरलें.

त्यानंतर वायूच्या बाटल्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या त्या करमणुकीच्या निमित्तानें. मराठी वाचकांस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांची ‘शांबरिक खरोलिका’ ठाऊक आहे. कांचेवरील चित्रें पडद्यावर मोठी करून दाखविण्याचा तो खेळ १८९२ च्या सुमारास सुरू झाला. युरोपांतील मोठ्या नाट्यगृहांत असल्या जादूच्या कंदिलास प्रखर उजेड लागे. प्राणवायु व हायड्रोजन ह्यांची ज्योत चुन्याच्या कांडीवर सोडून तो मिळवीत. आरंभीं हे वायु कापडी-रबरी पिशव्यांत भरीत. १८८६ मध्यें लंडन येथें ब्रिन बंधूंच्या कंपनीनें हवेपासून प्राणवायु काढून विकावयास सुरुवात केली, आणि तो पोलादी बाटल्यांतून घरोघर, नाट्यगृहोनाट्यगृहीं जाऊं लागला. त्याच सुमारास, १८८५ मध्यें, जर्मनींतील मान्नेसमान बंधूंनीं भरीव पोलादी सळईपासून बिनजोड नळी काढण्याची युक्ति शोधली. जिरार्दोनीच्या टाकीचें मर्मस्थान तिचा सांधा होता. आतां सांधाच नाहींसा झाला.

सांधा गेला तरी धोका गेला नाहीं. त्यानें केवळ जागा बदलली. एकाच आकाराच्या दोन बाटल्या, एकींत प्राणवायु, दुसरींत हायड्रोजन. भरणाऱ्याच्या हातून अदलाबदल झाली कीं आंत स्फोटक मिश्रण तयार. झडपेच्या आट्यांस किंवा दाबमापकास कोणी तेल लावलें कीं जोराच्या प्राणवायूंत तें पेटे. घडवितांना ठोकून कठीण झालेलें पोलाद पुन्हां तापवून मऊ केलें नाहीं, तर तें ठिसूळ राही. इंग्लंडांत असे स्फोट झाल्यावर १८९५ मध्यें सरकारनें एक समिति नेमली. तिनें पोलादाची प्रत, तें तापवून मऊ करणें आणि पाण्याच्या दाबाखालीं परीक्षा करणें ह्या गोष्टींना महत्त्व दिलें. ज्वालाग्राही वायूंच्या झडपांस उलटे, म्हणजे डावे, आटे असावे हा प्रघातहि रूढ झाला. आजहि वेल्डिंगच्या कोणत्याहि दुकानांत जाऊन पाहिलें, तर ॲसिटिलीनची जोडणी उलट फिरवावी लागते. चूक करणाऱ्या हातास डोळ्यांआधीं आट्यांनींच अडवावें, अशी ही योजना आहे. नाक्याचा हा पहिला शिपाई म्हणावयास हरकत नाहीं.

पाण्याच्या परीक्षेचें मर्महि समजून घेण्याजोगें आहे. बाटली हवेनें भरून ती टिकते काय हें पाहणें म्हणजे स्फोटास आमंत्रण देणें होय. पाणी दाबलें तरी फारसें आक्रसत नाहीं. त्यामुळें त्यांत बळ सांठत नाहीं. म्हणून बाटली पाण्यानें भरतात, पाण्यानेंच भरलेल्या दुसऱ्या बंद भांड्यांत ती उभी करतात आणि नेहमींच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक दाब आंत देतात. बाटली किंचित् फुगते. बाहेरच्या भांड्यांतील पाणी तेवढें वर चढतें. दाब काढल्यावर ती पूर्ववत् झाली तर धातु अजून जिवंत आहे. फुगवट्याचा ठराविक अंशाहून अधिक भाग, पोलादी बाटलीच्या बाबतींत सामान्यतः दहांत एकाहून अधिक, कायम राहिला, तर ती बाद. ती फुटलीच, तर पाणी सांडतें. माणसाचा जीव जात नाहीं. उत्तीर्ण झालेल्या बाटलीच्या खांद्यावर महिना व वर्ष ठोकून उमटवितात. ही तिची नाक्यावरील पावती.

हिंदुस्थानांत ह्या विचारास कायद्याचें रूप आलें तें वाफेच्या मार्गानें. मुंबईंत १८५४ मध्यें कावसजी दावर ह्यांनीं कापडाच्या पहिल्या गिरणीची कंपनी उभारली. तिकडे कलकत्त्यासहि वाफेचीं यंत्रें वाढत होतीं. १८६३ मध्यें कलकत्त्यास एक बॉयलर फुटून कांहीं माणसें दगावलीं, आणि १८६४ मध्यें बंगालनें बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. इतर प्रांतांनीं तोच मार्ग धरला. प्रांतोप्रांतींचे नियम वेगळे असल्यामुळें होणारी कुचंबणा १९२३ च्या अखिल हिंदी कायद्यानें दूर केली, आणि तो कायदा पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. बॉयलर मात्र एका जागीं बसलेला असतो. तपासनीस त्याच्याकडे जाऊं शकतो. वायूची बाटली गांवोगांव हिंडते. तिच्यासाठीं वेगळी युक्ति हवी होती.

ती सांपडली १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यांत. त्या कायद्याच्या सतराव्या कलमान्वये सरकारास कोणताहि धोक्याचा पदार्थ स्फोटक म्हणून जाहीर करतां येतो. १९३८ मध्यें सरकारनें धातूच्या भांड्यांत दाबून भरलेला वायु स्फोटक ठरविला, आणि १९४० मध्यें गॅस सिलिंडरांचे पहिले नियम लागू झाले. दाबलेली साधी हवा पेटत नाहीं, जळत नाहीं, तिला वास नाहीं. तरीहि कायद्यानें तिची गणना दारूगोळ्याच्या पंक्तींत केली. ही अतिशयोक्ति नव्हती. स्फोटास ज्वाला लागतेच असें नाहीं, हें पॅरिसच्या त्या यंत्रानें शंभर वर्षांपूर्वींच दाखविलें होतें.

कनेरगावच्या नाक्यावर ह्याच वेळीं एक चमत्कारिक परिस्थिति होती. हे नियम ब्रिटिश हिंदुस्थानचे. वऱ्हाडांत त्यांचा अंमल. चार पावलांवरील संस्थानांत राज्य दुसरें आणि कायदेमंडळहि दुसरें. टाकी तीच, आंतील दाब तोच, पण सरहद्द ओलांडतांच तिच्यावरील कायद्याची नजर बदले. संस्थान विलीन झाल्यावर केंद्राचे कायदे सर्वत्र एक झाले आणि ही विसंगति संपली. १९४० च्या नियमांची जागा १९८१, २००४ आणि शेवटीं २०१६ च्या नियमांनीं घेतली. ह्या नियमांची अंमलबजावणी करणारें स्फोटक पदार्थांचें खातें १८९८ मध्यें निघालें. पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना ह्या नांवानें तें आज ओळखलें जातें, आणि त्याचें मुख्य कार्यालय नागपुरास आहे. कोणत्या नमुन्याची बाटली देशांत वापरावी, ती कोणी भरावी, कोणी तपासावी, ह्याचा अखेरचा शब्द विदर्भांतील ह्या कचेरीचा असतो. मराठवाड्याचाहि ह्या इतिहासांत वांटा आहे. १९७८ मध्यें स्थापन झालेल्या एव्हरेस्ट कांतो ह्या कंपनीनें जपानी साहाय्यानें औरंगाबाद येथें उंच दाबाच्या बिनजोड सिलिंडरांचा कारखाना काढला होता.

ह्या व्यवस्थेचें महत्त्व २०२१ च्या एप्रिल महिन्यांत साऱ्या देशास कळलें. करोनाच्या साथींत प्राणवायूच्या टाक्या अपुऱ्या पडल्या, तेव्हां नायट्रोजन व आर्गॉन ह्यांच्या टाक्या प्राणवायूसाठीं वापरण्यास नागपुरच्या ह्याच कार्यालयानें मुभा दिली. मुभा देतांनाहि टाकी आंतून स्वच्छ करणें, झडप बदलणें आणि रंग बदलून प्राणवायूचा काळा देह व पांढरा खांदा देणें ह्या पायऱ्या सुटूं दिल्या नाहींत. अशा निकडीच्या वेळींहि नाका बंद झाला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां पेंटबॉलकडे वळूं. अमेरिकेंत जंगलांतील तोडावयाचीं झाडें व कळपांतील गुरें ह्यांवर दुरून रंगाची खूण करण्यासाठीं एक पिस्तूल निघालें होतें. १९८१ च्या जून महिन्याच्या २७ तारखेस न्यू हॅम्पशायरमध्यें बारा जणांनीं तेंच पिस्तूल घेऊन जंगलांत लपंडाव मांडला, आणि खेळाचा जन्म झाला. त्या वेळीं बळ पुरवी ती बारा ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडची अंगठ्याएवढी कुपी. कुपी लवकर संपे, म्हणून पुन्हां भरतां येणाऱ्या बाटल्या आल्या. हा तिलोरियेचाच वायु. आणि त्याचा स्वभावहि तोच. वीस अंश उष्णतेस त्याचा दाब दर चौरस इंचास सुमारें ८३० पौंड असतो. ३१ अंशांच्या वर मात्र त्याचा द्रव द्रव राहत नाहीं, आणि बाटली प्रमाणाबाहेर भरलेली असेल तर दाब झपाट्यानें चढतो. थंड देशांत ही सूचना उन्हाळ्यापुरती. मराठवाड्यांत चैत्र-वैशाखांत सावलींतच पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. बंद मोटारींतील हवा त्याहूनहि तापते. म्हणून ही बाटली डोळ्यांच्या अंदाजानें न भरतां तराजूवर वजन करूनच भरावी लागते.

थंडींत मंदावणारा आणि उन्हांत उसळणारा हा वायु खेळाडूंस गैरसोयीचा वाटूं लागला, आणि १९९० नंतर साध्या दाबलेल्या हवेचा वापर वाढला. हवा बाटलींत द्रवरूप होत नाहीं, त्यामुळें तिचा दाब ऊन-सावलीनें तितका हेलकावत नाहीं. परंतु तेवढेंच काम करून घेण्यासाठीं ती कितीतरी अधिक दाबानें भरावी लागते. बाटली हलकी आणि तरीहि बळकट व्हावी, ही अडचण अग्निशामक दलांनीं आधींच अनुभवली होती. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या अवकाश संस्थेनें अग्निबाणांच्या कवचांचें तंत्र वापरून, ॲल्युमिनियमच्या पातळ भांड्यावर तंतु गुंडाळलेली श्वासोच्छ्वासाची टाकी जवानांसाठीं तयार करविली. पुढें कार्बनचे तंतु आले आणि त्यांचीच धाकटी आवृत्ति पेंटबॉलच्या मैदानावर उतरली. ह्या बाटलीचें आयुष्य मात्र मोजलेलें असतें. पोलादी टाकी परीक्षेंत उतरत राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या चालते; कार्बनची बाटली दर पांच वर्षांनीं तपासून घ्यावी आणि सामान्यतः पंधरा वर्षांनीं, वरून कितीहि नवी दिसली तरी, मोडींत काढावी असा दंडक आहे. तंतूंवर खोल ओरखडा पडला किंवा ती दगडावर आपटली तर आंतील इजा डोळ्यांस दिसत नाहीं.

खेळाच्या इतिहासांतील सर्वांत दुःखद पान मात्र बाटली फुटण्याचें नाहीं. अमेरिकेंत २००३ मध्यें पंधरा वर्षांचा एक मुलगा आणि २००४ मध्यें सदतीस वर्षांची एक स्त्री कार्बन डाय-ऑक्साइडच्या बाटलीच्या आघातानें मरण पावलीं. दोन्ही प्रसंगीं बाटलीचें अंग शाबूत होतें. यंत्रापासून बाटली सोडवितांना फिरली ती बाटली आणि झडप ह्यांमधील जोडणी. माणसास वाटावें कीं बाटली यंत्रापासून सुटत आहे. प्रत्यक्षांत झडप यंत्रालाच चिकटून राहिली आणि बाटली झडपेपासून मोकळी झाली. शेवटचा आटा सुटतांच कोंडलेला वारा बाहेर पडला आणि बाटली अग्निबाणासारखी उडाली. शंभर वर्षें धातूची भिंत बळकट करण्यांत गेलीं होतीं. मृत्यु मानेच्या आट्यांतून आला.

ह्या दोन मृत्यूंनंतर अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानें लोकांस सावध केलें. सुचविलेला एक उपाय इतका साधा आहे कीं त्यास खर्च जवळजवळ नाहींच. झडप आणि बाटली ह्यांच्या सांध्यावरून रंगाची किंवा नखांस लावावयाच्या रंगाची एक उभी रेघ ओढावी. यंत्रापासून बाटली सोडवितांना रेघेचे दोन्ही भाग एकत्र फिरले पाहिजेत. ते एकमेकांपासून सरकूं लागले कीं हात थांबवावा, बाटली पुन्हां घट्ट करूं नये, आणखी सोडवूंहि नये. ती जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावी. पुढें झडपांच्या घडणींतहि फरक झाला; आटे पुरते सुटण्यापूर्वींच हवा निसटून जावी अशीं छिद्रें ठेवण्यांत आलीं. ॲल्युमिनियमच्या बाटल्यांबाबत आणखी एक दोष उघड झाला होता. ६३५१ ह्या क्रमांकाच्या मिश्रधातूच्या जुन्या बाटल्यांना सततच्या ताणानें मानेपाशींच बारीक तडे जातात. अमेरिकेनें २००६ मध्यें अशा बाटल्यांच्या मानेची विशेष तपासणी आवश्यक केली. दोन्ही गोष्टींचें बोट एकाच जागेकडे आहे. ज्याला बाटलीची प्रकृति पाहावयाची असेल त्यानें प्रथम तिची मान पाहावी.

येथें भारतीय वाचकास उपयोगी असा एक मुद्दा राहतो. २०१६ च्या नियमांतील व्याख्येप्रमाणें ५०० मिलिलिटरांहून अधिक आणि १,००० लिटरांपर्यंत मापाचें भांडें गॅस सिलिंडर ठरतें. पेंटबॉलच्या नेहमींच्या मोठ्या बाटल्या सुमारें ८०० ते १,१०० मिलिलिटरांच्या असतात. त्या ह्या व्याख्येंत बसतात, आणि सिलिंडरांस लागू असलेल्या साऱ्या अटी त्यांस लागू होतात. नवशिक्या मुलांच्या हातीं मात्र हलकी म्हणून पुष्कळदां दोन-सवादोनशें मिलिलिटरांची लहान बाटली देतात. तिच्यांतहि दाब ३,००० पौंडच. पण मापानें ती व्याख्येच्या अलीकडे राहते. कायद्यास कोठें तरी रेषा ओढावी लागतेच, आणि लहान भांड्यांत एकूण बळ कमी असतें हेंहि खरें. तरीहि मानेवरून सुटलेली लहान बाटली हवेंत उडते ती आपलें माप सांगत नाहीं. जेथें सरकारचा नाका नाहीं, तेथें पालकांस आणि क्रीडास्थळाच्या चालकांस आपला नाका स्वतः उभा करावा लागतो.

हें काम कठीण नाहीं, आणि शहरांतील प्रत्येक घर तें एका परीनें आधींच करीत असतें. १९५५ च्या सुमारास मुंबईंत स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या घरोघरीं येऊं लागल्या. त्या टाकीच्या वरच्या कडीजवळील पट्टीवर ए, बी, सी किंवा डी हें अक्षर आणि दोन आंकडे लिहिलेले असतात. ‘बी २७’ असें असल्यास २०२७ सालच्या एप्रिल ते जून ह्या तिमाहींत टाकीची परीक्षा व्हावयाची आहे, असा त्याचा अर्थ. टाकी दारांत आली म्हणजे जाणती गृहिणी वजनाबरोबर हें अक्षरहि पाहते आणि मुदत उलटलेली टाकी परत पाठविते. पेंटबॉलच्या बाटलीबाबत ह्याहून वेगळें कांहीं करावयाचें नाहीं. तिच्यावर घडणीचें व परीक्षेचें वर्ष ठोकलेलें आहे काय? भरण्याचा दाब किती, हें तिच्या अंगावर लिहिलेलें आहे काय, आणि भरणारा मापकाकडे पाहून तेवढाच भरतो काय? मानेवरची रेघ सरळ आहे काय? तंतूंवर खोल चरा नाहीं ना? कोणी आट्यांस तेल तर लावलेलें नाहीं? बाटली दुपारभर बंद मोटारींत तर पडून नव्हती? हे प्रश्न विचारण्यास एक मिनिट पुरतें, आणि ज्या क्रीडास्थळाचा चालक ते ऐकून चिडत नाहीं, उलट बाटली फिरवून खांद्यावरील आंकडे दाखवितो, तेथें मुलांस निःशंकपणें खेळूं द्यावें.

जिरार्दोनीच्या सांध्यापासून आजच्या मानेवरील रेघेपर्यंतच्या ह्या प्रवासांत धातु बदलला, दाब पांचपटींहून अधिक वाढला, हत्यार जाऊन खेळणें आलें. एक गोष्ट बदलली नाहीं. बाटली भरतांना, जोडतांना आणि सोडवितांना कोणी तरी क्षणभर थांबून तिच्याकडे पाहिलें, तेथें ती मुकाट्यानें काम करीत राहिली. आणि जेथें सवयीनें हात पुढें गेला, तेथें तिनें हिशोब मागितला. पैनगंगेच्या कांठीं पूर्वीं मालास अडविणारा शिपाई आतां नाहीं, आणि त्याची कोणास खंतहि नाहीं. परंतु तेथून जाणाऱ्या प्रत्येक टाकीच्या खांद्यावर ठोकलेला महिना आणि वर्ष ही त्याच जातीची पावती आहे. ती वाचावयास अक्षरओळख पुरते. ती वाचण्याची संवय मात्र घराघरांतून लागली पाहिजे.